स्मृतिभ्रंश आणि नामस्मरण

सज्जनहो, आपल्या संप्रदायाची सारी मदार एका स्मरणावर आहे. काकडा म्हणा, हरिपाठ म्हणा, एकादशी म्हणा, वारी म्हणा, ही सगळी साधने देवाची आठवण राहावी एवढ्यासाठीच आहेत. मग ज्याची आठवणच गेली त्याने काय करावे? पन्नास वर्षे ज्याने गळ्यातली तुळशीची माळ उतरवली नाही, त्याला आज ती माळ कशाची हे सांगता येत नाही. विठ्ठलाच्या तसबिरीकडे बोट दाखवून तो ‘हा कोण?’ असे विचारतो. त्याची पन्नास वर्षांची वारी कोठे गेली? ही शंका पंडितांच्या सभेतली नव्हे. हल्ली कीर्तन आटोपून आरती झाली की मंडळी पाया पडायला येतात. त्यांतली एखादी सून, एखादी लेक मागे रेंगाळते आणि पांगापांग झाल्यावर हळूच विचारते, ‘महाराज, आमचे बाबा सगळं विसरले, देवालासुद्धा विसरले. आता त्यांचं कसं होईल?’ अंतकाळी जशी मती तशी गती, हे तिने कीर्तनातच ऐकलेले असते. म्हणून तिच्या पोटात गोळा उठतो.

या शंकेचे समाधान केले पाहिजे, आणि ते नुसते गोड बोलून होणार नाही. आधी रोग काय आहे ते पाहू. रोग न समजता सांगितलेला वेदांत म्हणजे नाडी न पाहता चाटवलेली मात्रा.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. कित्येक कीर्तनकार हशा पिकवायला ती वापरतात. मी स्वतः साठी ओलांडली आहे, म्हणून रागाने सांगत नाही. पण या म्हणीने फार नुकसान केले. म्हातारपणी थोडे विसरायला होणे वेगळे आणि हा रोग वेगळा. चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, हा विसर. चष्मा हातात आहे आणि याचे काय करायचे ते कळत नाही, हा रोग. कीर्तनात उभ्या असलेल्या बुवाला चरण आठवत नाही, मागचा टाळकरी तो उचलून देतो आणि कीर्तन पुढे जाते, हा विसर. पण आपण येथे कशाला उभे आहोत हेच बुवाला उमगेना, तर घरच्यांनी सावध व्हावे. जन्मभर भाकऱ्या थापलेली बाई परातीपुढे बसून राहते. पीठ आधी की पाणी आधी, हे तिला सुचत नाही. चाळीस वर्षांच्या पायाखालच्या गल्लीत माणूस वाट चुकतो. दुकानदाराने परत दिलेले पैसे मोजता येत नाहीत. एकच प्रश्न दर पाच मिनिटांनी येतो, आणि उत्तर मिळाले हे विचारणाऱ्याच्या गावीही नसते. याला इंग्रजी वैद्यकात डिमेन्शिया म्हणतात, आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. भारतभर पाहणी करून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे साठीच्या पुढच्या शंभरांत सातांहून अधिक लोकांना हा विकार आहे. देशात मिळून सुमारे ८८ लाख. त्यांतही शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे हा शहरी लोकांचा नखरा नव्हे. आपल्या माजघरात बसलेला रोग आहे.

आता हे घडते कसे? आम्ही पाठशाळेत तर्कसंग्रह घोकला. त्यात स्मृतीची उपपत्ती मोठी सुटसुटीत आहे. अनुभव येतो, त्याचा संस्कार उमटतो, पुढे काही निमित्त होऊन तो संस्कार जागा होतो, त्या जागण्याला स्मृती म्हणायचे. जागे करणाऱ्या निमित्ताला उद्बोधक म्हणतात. फोडणीचा वास आला आणि आजी आठवली, तर वास हा उद्बोधक. आजच्या डॉक्टरांचे म्हणणे या चौकटीत ठेवून पाहिले तर लवकर ध्यानात येते. मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग दोन्ही बाजूंना आहे. नवा अनुभव टिकवायचे काम मुख्यतः त्याचे. या रोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमरचा. त्यात तो भाग अगदी आरंभीच खंगतो. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे चट्टे साचतात, पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी होतात आणि पेशी मरत जातात. ही प्रक्रिया लक्षण दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी चालू झालेली असते. यामुळे नवा संस्कार उमटतच नाही. जुने मात्र बराच काळ शाबूत राहतात. म्हणून आजोबा सकाळी जेवले हे विसरतात आणि ‘मला कोणी जेवायला घातलं नाही’ म्हणून शेजारी सांगत फिरतात. पण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोणत्या मुकादमाच्या हाताखाली होतो, ते नावानिशी सांगतात. घरचे म्हणतात, ‘बघा, सोयीचं तेवढं बरोबर आठवतं!’ नाही हो. तो ढोंग करीत नाही. जुन्या वहीची पाने शिल्लक आहेत आणि नव्या पानावर शाई उमटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यांचे एकच असते असेही नाही. काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या बंद पडून पायरी-पायरीने बुद्धी उतरते. यामागे रक्तदाब आणि मधुमेह पुष्कळदा असतो. काहींना नसलेली माणसे आणि मुलेबाळे घरात दिसू लागतात. आणखी एका प्रकारात आठवण बरी राहते, पण स्वभावच पालटतो. जन्मभर मर्यादेने वागलेला माणूस चारचौघांत शिव्या देतो, कपड्यांचे भान ठेवीत नाही. लोक म्हणतात, ‘इतकी वर्षं हरिपाठ केला तो सगळा वरवरचा, आता खरा माणूस बाहेर पडला.’ हे बोलणे फार अन्यायाचे आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो माणसाला आवरून धरतो, तो झिजला आहे. लगाम तुटला म्हणून घोडा जन्माचाच उधळ्या होता, असा निकाल द्यायचा नसतो.

या रोगाला अल्झायमर हे नाव ज्यांच्यावरून पडले ते जर्मनीतले डॉक्टर. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एका रेल्वे नोकरदाराने आपल्या बायकोला आणून दाखल केले. तिचे नाव ऑगस्ट डेटर, वय अवघे ५१. आधी नवऱ्याचा विनाकारण संशय, मग स्वयंपाकात गोंधळ, वस्तू लपवणे, रात्री-बेरात्री ओरडणे. डॉ. अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रश्न विचारीत आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून घेत. तुमचे नाव काय? ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचे नाव? तेही ऑगस्टच असावे, असे ती म्हणाली. पेन्सिल दाखवली, किल्ली दाखवली, तिने नावे बरोबर सांगितली. थोड्या वेळाने विचारले तर काय दाखवले ते काही आठवेना. नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढे लिहून हात थांबला. मी स्वतःलाच हरवून बसले आहे, अशा अर्थाचे ती बोलल्याची नोंद त्या कागदांत आहे. वेदांती लोक ‘मी’ विसरायला जन्मभर खटपट करतात. येथे ‘मी’ आपोआप गेला, पण तिला त्यात सुख झाले नाही, भीती वाटली. म्हणून ‘बरं झालं, मायेतून सुटले’ असे जे कोणी अशा रोग्याविषयी बोलतात, त्यांनी तोंड आवरावे. ती मुक्ती नव्हे, ते दुःख आहे.

१९०६ साली ती बाई वारली. डॉ. अल्झायमर तोवर म्यूनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा ते चट्टे आणि त्या गुंतवळी दिसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगन येथे वैद्यांच्या सभेत त्यांनी हे सांगितले, आणि सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. (रिकाम्या मंडपात कीर्तन केलेल्या बुवांनी यावरून धीर धरावा.) १९१० साली क्रेपेलिन या त्यांच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. वेड म्हणून कोंडलेल्या बाईच्या मेंदूत दिसण्याजोगी इजा होती, ही गोष्ट तेव्हा सिद्ध झाली.

एवढे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे आजही कोणी करणी म्हणतो, कोणी बाहेरची बाधा, कोणी पूर्वजन्मीचे पाप. अंगारे, उतारे, कोंबडी-लिंबू यांत वर्ष जाते, पैसा जातो. थोडे शिकलेले असतात ते गीतेचा दुसरा अध्याय पुढे करतात. विषयांचे चिंतन, त्यातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह आणि त्यातून स्मृतिभ्रंश, असा क्रम भगवंतांनी सांगितला, तेव्हा म्हातारा रागीट होता त्याचे हे फळ, असा त्यांचा निष्कर्ष. शब्द एक म्हणून अर्थ एक होत नाही. आचार्यांनी भाष्यात स्पष्ट केले आहे की तेथे स्मृती म्हणजे शास्त्राच्या आणि गुरूच्या उपदेशाने झालेल्या संस्काराची आठवण. ती गेली की कार्य कोणते, अकार्य कोणते, याचा विवेक सुटतो. तो विवेकाचा भ्रंश आहे, आणि तो तरण्याताठ्या, धडधाकट माणसाला दिवसातून चार वेळा होतो. मेंदूच्या रोगाशी त्याचा काय संबंध? गीतेच्या श्लोकाने रोग्याला आरोपी करणे हा गीतेचाही अपमान आहे.

पापाची चौकशी करण्यापेक्षा रक्ताची तपासणी करावी. बुद्धी मंद झाल्यासारखी दिसते त्या प्रत्येकाला अल्झायमरच असतो असे नाही. थायरॉइड ग्रंथी मंदावली, उदासीनतेचा आजार जडला, झोपेच्या किंवा अन्य काही गोळ्या मानवल्या नाहीत, पडून डोक्यात हळूहळू रक्त साकळले, तरी माणूस असाच वागतो, आणि यांवर उपाय आहे. एका-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर बहुधा लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, असे काही असते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. माळकऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून थोडेसे मिळते, आणि उतारवयात पोटातून शोषलेही कमी जाते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीनेही त्यात घट येते. त्याच्या अभावी विसर पडतो, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. रक्त तपासून कमी निघाले तर गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावीत. त्याने माळेला बाध येत नाही. व्रत पाळावे आणि औषधही घ्यावे.

खऱ्या अल्झायमरला मात्र मुळापासून बरे करणारे औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडा उतार पडतो. अमायलॉइड काढून टाकणारे लेकॅनेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता पावले. ते आरंभीच्या अवस्थेत रोगाची चाल थोडी मंद करते, गेलेले परत आणीत नाही. निवारणाचे म्हणाल तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या मंडळाने २०२४ साली चौदा गोष्टी सांगितल्या. त्या सर्व टाळता आल्या तर जवळजवळ ४५ टक्के रोग टळेल किंवा लांबेल असा त्यांचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, लहानपणी शिक्षण न मिळणे ही त्यांतली काही. पण मला दोन विशेष वाटतात : ऐकू न येणे आणि एकटे पडणे. ऐकू येईना की म्हातारा बोलेनासा होतो, आणि बोलेनासा झाला की त्याची खाट ओटीवरून गोठ्याकडच्या खोलीत जाते. कानाचे यंत्र घेऊन द्यावे, मोतीबिंदू काढून घ्यावा. पारायणाला देणगी देण्याआधी हे करावे.

आता मूळ शंकेकडे येऊ. देवाला विसरला त्याची गती काय?

पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत स्मृती ही पाचवी. म्हणजे स्मृती ही चित्ताची एक हालचाल आहे, चित्ताला पाहणाऱ्या साक्षीचे ते स्वरूप नव्हे. काजळी धरलेल्या काचेतून दिवा दिसत नाही म्हणून दिवा विझला असे होत नाही. दुसरे असे की गीतेच्या पंधराव्या अध्यायात स्मृती आणि ज्ञान यांच्या जोडीला त्यांच्या जाण्याचाही उगम भगवंत स्वतःकडेच घेतात. देणारा तो, काढून घेणाराही तो. त्याने नेलेल्या वस्तूचा जाब तो या गरीब म्हाताऱ्याला विचारील काय?

‘पण अंतकाळी स्मरण पाहिजे, असे आठव्या अध्यायात आहे ना?’ आहे. तेथेच पुढे कारणही दिले आहे, ते वाचताना लोक घाई करतात. जन्मभर ज्या भावाने माणूस भावित झाला, तोच भाव शेवटी उभा राहतो, असे ते कारण आहे. आता तर्कसंग्रहाकडे पुन्हा वळा. ज्या संस्कारापासून स्मृती होते त्याचे तेथे नावच ‘भावना’ आहे, आणि ही भावना केवळ आत्म्याच्या ठिकाणी राहते असे नैयायिक म्हणतात. वेदांती ती सूक्ष्म शरीरात मानतील. वाद असो. मांसाच्या गोळ्यात मानायला दोघेही तयार नाहीत. डॉक्टर ज्या पेशी मेल्या म्हणून सांगतात त्या खऱ्याच मेल्या. पण त्यांबरोबर नामाचा संस्कार मेला, हे आपल्या शास्त्राला मान्य नाही. उद्बोधक पोचत नाही एवढेच.

आणखी एक प्रमाण आहे, ते दक्षिणेकडच्या श्रीवैष्णवांत फार आदराने सांगतात. वराहपुराणातले म्हणून ते वचन प्रसिद्ध आहे. शरीर आणि मन धड असताना ज्याने भगवंताचे स्मरण केले, तो पुढे लाकडासारखा किंवा दगडासारखा पडून राहिला, तरी त्या वेळी भगवंत त्याचे स्मरण ठेवतो आणि त्याला घेऊन जातो, असे तेथे भूमातेला आश्वासन आहे. स्मरण तुटत नाही, करणारा बदलतो. त्या मागे रेंगाळणाऱ्या लेकीला मी हेच सांगतो.

उद्बोधकाविषयी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका गावात म्हातारे पखवाजी होते. पोटच्या मुलाला ओळखत नव्हते, घास तोंडात धरून बसत. भजनाला त्यांना मांडीला मांडी लावून बसवले आणि पखवाज पुढे ठेवला. टाळ सुरू झाले तसा हात पडला, भजनी ठेका चुकला नाही, चौकात दुगणही घेतली. मग त्यांनी मुलाला ओळखले का? नाही. चमत्कार कोणी सांगू नये. पण तास-दीड तास ते घाबरलेले नव्हते. लहानपणापासून घोटलेली चाल, ठेका, पाठांतर हे पुष्कळ रोग्यांत बोलण्याच्याही मागे उरते, असे डॉक्टरांनीही पाहिले आहे. तेव्हा घरातला हरिपाठ त्याच्या खोलीत म्हणावा, त्याच्याच जुन्या चालीत म्हणावा. त्याने म्हटला नाही तरी चालेल.

आता सेवा. पहिली गोष्ट, परीक्षा घेऊ नका. पाहुणे येतात आणि म्हाताऱ्यासमोर उभे राहून विचारतात, ‘ओळखा बघू मी कोण?’ काय मिळते यात? त्याच्या चेहऱ्यावरची लाज पाहा जरा. त्यापेक्षा ‘मामा, मी तुमचा भाचा, नाशिकचा’ असे आपणच सांगून पाया पडावे. सायंकाळी तो ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी जातो. हेच तुमचे घर, असे भांडून उपयोग नाही, कारण त्याच्या मनातले घर आई असलेले आहे. ‘चहा घेऊन निघू’ म्हणावे, दोन पावले अंगणात फिरवून आणावे. सुनेने पाटल्या चोरल्या, हा आळ तर ठरलेला. सासूने स्वतःच त्या तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असतात. त्या सुनेला एवढेच सांगतो, आळ घेणारी सासू नाही, रोग आहे. आणि तिच्या नवऱ्याला सांगतो, हे तू चारचौघांत मोठ्याने बोल, तिने एकटीने का सोसावे?

पुंडलिकाची कथा आपण सांगतो. देव दाराशी आला, आणि हा आई-बापांचे पाय चेपीत होता, म्हणून वीट फेकली. त्या कथेत आई-बाप निजलेले आहेत. पाय कोण चेपतो, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नाही. ओळखीवाचून, शाबासकीवाचून केलेली ती सेवा होती, आणि देव खोळंबून राहिला तो तिच्यासाठी.

पण एकट्याने हे होत नाही, हेही खरे. सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवायचा नाही असा दंडक आहे. म्हणून एकच विणेकरी सात दिवस उभा राहतो काय? पहारे लावतात. एकाचा पहारा संपला की दुसरा गळ्यात विणा घेतो. जेथे घरात असा रोगी आहे, तेथे सुनेच्या गळ्यात विणा अडकवून सगळे घर झोपलेले असते. भावाभावांनी वार वाटून घ्यावेत, जावांनी रात्री वाटून घ्याव्यात, आणि भजनी मंडळाने एकादशीला दोन तास त्या घरी बसावे, म्हणजे ती बाई देवळात जाऊन येईल किंवा नुसती झोपेल. झोपली तरी तिला एकादशीचे पुण्य आहे, असे मी माझ्या जबाबदारीवर सांगतो.

शेवटी वारीचे. अशा माणसाला वारीला न्यावे का, असे पुष्कळ विचारतात. रोग आरंभीचा असेल, पाय चालत असतील, आणि हाताला धरून चालणारे एक माणूस सबंध वाटभर केवळ त्याच्यासाठी असेल, तर न्यावे. रोग पुढे गेला असेल तर गर्दी, रोज नवा मुक्काम आणि राहुटीतली अंधारी रात्र यांनी तो भेदरतो. मग आषाढी सोडून एखाद्या साध्या दिवशी मोटारीने नेऊन कळसाचे दर्शन घडवून आणावे. वाळवंटात एकटे कधी सोडू नये, लघवीलासुद्धा. नाव, गाव, घरच्यांचा फोन, आणि दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे तेही, असे सगळे चिठ्ठीवर ठळक लिहून प्लास्टिकमध्ये घालावे. चिठ्ठी पिशवीत ठेवू नये, पिशवी आधी हरवते. सदऱ्याच्या आतल्या बाजूने शिवून टाकावी.